आत खोचलेली लाल मूठ

१

थोरल्या मास्तरांनी कमरेच्या पट्ट्याची लाल मूठ ओढली, आणि काहीच झालं नाही.

खरं तर फट्कन आवाज व्हायला हवा होता. त्या पट्ट्याच्या पिशवीत अंगठ्याएवढी गॅसची नळकांडी असते. मूठ ओढली की आतली पिन नळकांडीचं तोंड फोडते, घडी घातलेला फुगा टम्म फुगतो आणि माणूस बुचासारखा वर येतो. बावीस वर्षं समुद्रात कयाक चालवायला शिकवताना मास्तरांनी हे शेकडो जणांना करून दाखवलं होतं. शनिवारी सकाळी नऊच्या सुमाराला, धक्क्यापासून दोन मैल आत, उलटलेल्या कयाकमधून बाहेर पडलेल्या एका शिकाऊ बाईला एका हाताने धरून त्यांनी पहिल्यांदाच स्वतःसाठी ती मूठ ओढली. मग परत ओढली. बाईच्या अंगात फोमचं जाड जॅकेट होतं, ती तरंगत राहिली. मास्तर मात्र पाणी पीत राहिले. फुगा तोंडाने फुगवायची नळीही असते, पण त्यासाठी बाईला सोडावं लागलं असतं. त्यांनी सोडलं नाही.

मासेमारीची बोट पोचली तेव्हा बाई रडत होती आणि मास्तर गप्प होते. रविवार उजाडला तरी दवाखान्यात यंत्रच त्यांच्यासाठी श्वास घेत होतं.

आणि क्लबाच्या नोंदवहीत, पट्टा तपासून दिल्याच्या रकान्यात सही होती वहिनीच्या नवऱ्याची.

क्लबात सगळेच तिला वहिनी म्हणत. नवरा सामानघर सांभाळायचा: जॅकेटं, शिट्ट्या, धुराचे नळे, पाणी उपसायचे पंप, ओढून आणायचे दोर. फाटकं-उसवलेलं तो घरी आणायचा आणि ती शिवून द्यायची. दीड वर्षाचं पिल्लू पायात घुटमळत असताना एवढंच काम जमत होतं. मास्तरांच्या पट्ट्याची बकलाजवळची शिवण उसवली होती. तीही तिनेच घातली होती, शुक्रवारी संध्याकाळी.

"आज चारला बैठक आहे," अध्यक्षबाईंनी सकाळी फोनवर सांगितलं. "पोलिसांकडे जायचं का, तिथेच ठरवू. तुमचे हे काही बोलतच नाहीत हो! काल विचारलं, तर म्हणाले, सही माझी आहे, जबाबदारी माझी. अशाने आम्ही काय समजायचं?"

नवरा खिडकीपाशी पाठ करून उभा होता. सासूबाई मोरीत तेच पातेलं दुसऱ्यांदा घासत होत्या. पिल्लू त्यांच्या पदराला लोंबकळून हात वर करत होतं, पण त्यांनी काही उचललं नाही.

वहिनीच्या डोक्यात कालपासून एकच गोष्ट टोचत होती. आपली सुई फुग्यात गेली असेल तर?

गॅस बंद केला का हे तीनदा बघणारी बाई ती. तिने पिल्लूला नवऱ्याच्या हातात दिलं, चपला अडकवल्या आणि निघाली.

२

धाकटा मास्तर सामानघराबाहेर पायरीवर बसला होता. रात्रभराचं जागरण डोळ्यांत दिसत होतं. काल बाकीच्या चार शिकाऊंना त्यानेच सुखरूप धक्क्यावर आणलं होतं, आणि मग परत जाऊन त्या बोटीला वाट दाखवली होती.

"पट्टा दाखवा मला," वहिनी म्हणाली.

"बघून काय करणार?"

"माझी सुई फुग्यात गेली का ते बघायचंय. गेली असेल तर तुमची बैठक पाच मिनिटांत संपेल."

तो उठला. मग आत जाऊन पट्टा घेऊन आला, नळीला तोंड लावलं आणि गाल फुगवून फुंकत सुटला. फुगा पिवळाधम्मक फुगला. त्याने तो पाण्याच्या टाकीत दाबून धरला. दोघंही वाकून बघत राहिले. एक बुडबुडा नाही.

वहिनीने शिवणीची जागा पुन्हा एकदा निरखून बघितली.

"सुटलात," तो म्हणाला. "पण तुमचे हे नाही सुटले. हे बघा." त्याने नळकांडी पुढे केली. "भरलेली आहे. वजन बरोबर. तोंडावर ओरखडासुद्धा नाही, कारण पिन पोचलीच नाही. नळकांडी आट्यांतून सैल केली होती. मी मोजून परत घट्ट केली. अडीच फेरे."

"आपोआप सैल होते का?"

"एखाद-दुसरा पाव फेरा झाला तर झाला. अडीच? वहिनी, हे कुणीतरी हाताने केलंय."

"आणि तपासताना यांना कळलं नाही?"

"तपासणीत काय असतं? तारीख, अख्ख्या पट्ट्याचं वजन आणि मुठीजवळची हिरवी खूण शाबूत आहे का, एवढंच. नळकांडी सैल असो की घट्ट, वजन तेवढंच भरतं. आटे दर सोमवारी बघतात. अधेमधे त्याला कोण कशाला हात लावतंय?"

"सामानघराची चावी कुणाकडे असते?"

तो हसला, पण ते हसणं काही डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "दोघांकडे. तुमच्या यांच्याकडे आणि माझ्याकडे. आता पुढचंही विचारा. थोरले गेले तर त्यांची जागा कुणाला मिळणार?"

"कुणाला?"

"मला," धाकटा मास्तर म्हणाला. "काल संध्याकाळपासून सगळे माझ्याकडे असे बघतायत, जणू मी ती आधीच घेतलीय."

३

वाचलेली बाई दातांची डॉक्टर होती. स्वतःच्या दवाखान्याच्या वरच तिचं घर होतं. ती दोन शाली पांघरून बसली होती. वहिनीने ओळख सांगितली तशी ती म्हणाली, "त्यांनी माझा हात सोडायला हवा होता हो. मी तरंगत होते. मी ओरडून सांगत होते, सोडा मला!"

"निघण्याआधी काय काय झालं ते सांगाल? अगदी बारीकसारीक."

"नेहमीचंच. आम्हाला ओळीत उभं केलं. एकेकाचं जॅकेट खांद्याला धरून वर ओढून बघितलं. शिट्टी वाजवायला लावली. माझा पट्टा ढिला होता, तर म्हणाले, डॉक्टरीणबाई, दात काढताना असाच ढिला चिमटा धरता का?" ती हसली आणि हसता हसता तिने डोळे पुसले.

"आणि त्यांचा पट्टा कुणी बघितला?"

डॉक्टरीणबाई गोंधळली. "त्यांचा? त्यांचा कशाला कोण बघेल? ते मास्तर."

हे खरंच होतं. क्लबाची रीतच तशी होती. तुकडीचा पुढारी सगळ्यांचं सामान तपासतो, पुढाऱ्याचं कुणी तपासत नाही. कुणी हात लावायला गेलाच असता तर तो आगाऊपणा ठरला असता.

"थांबा," डॉक्टरीणबाई म्हणाली. "एक झालं होतं. पट्टा बांधताना ते वैतागले. म्हणाले, ही मूठ आत कुणी खोचली रे? आणि पिशवीतून ती लाल मूठ बाहेर ओढून काढली. धाकटे मास्तर हसले. मग आम्ही निघालो."

वहिनी उठता उठता परत बसली.

"आत म्हणजे? चुकून दुमडली होती, की..."

"नाही, नाही. चांगली खोल खोचली होती. दोन बोटं घालून काढावी लागली त्यांना."

४

रस्त्याने चालताना वहिनीचे पाय एकीकडे आणि डोकं दुसरीकडे चाललं होतं.

मूठ आत खोचली कुणी, आणि कशाला? मास्तर बुडावेत असं ज्याच्या मनात असेल त्याने नळकांडी सैल करावी, ठीक. पण मूठ कशाला लपवायची? मूठ दिसली नाही तर पट्टा बांधणाऱ्याचं लक्ष जाणारच, आणि मास्तरांचं गेलंच. दगाबाज माणूस सगळं होतं तसं ठेवतो. कुणाच्या मनात शंकेची पाल चुकचुकू देत नाही.

मूठ आत आणि नळकांडी सैल. दोन्ही एकाच हाताने केलं असेल, तर त्या हाताला पट्टा समुद्रात बंद पाडायचा नव्हता. त्याला फक्त तो भलत्या वेळी फुटायला नको होता.

म्हणजे हा वैरी नव्हेच. हा घाबरलेला माणूस.

आणि क्लबातला घाबरट म्हणजे भोंगा! सामानाची व्हॅन चालवणारा. आवाजावरून हे नाव पडलेलं. गेल्या उन्हाळ्यात तापलेल्या व्हॅनमध्ये गॅसवर फुगणारं एक जॅकेट आपोआप फुटलं होतं, तेव्हा त्याने गाडी सरळ भिंतीत घातली होती.

भोंगा व्हॅनखाली आडवा होता. नुसते पाय दिसत होते.

"मी नाही!" प्रश्न पुरा व्हायच्या आत खालून आवाज आला. "सकाळपासून तुम्ही तिसऱ्या. वहिनी, मी त्या फटाक्यांना हात लावत नाही. लोखंडी पेटीत टाकतो, झाकण लावतो, वर बसायला माणूस देतो. नळकांडी कुठे असते तेसुद्धा मला ठाऊक नाही. आईशप्पथ!"

"मास्तरांचा पट्टा शनिवारी पेटीत होता?"

पाय हलायचे थांबले. भोंगा तेलकट तोंडाने बाहेर सरकला. "ते कधी पेटीत देतात? सामानघरातून उचलला, कमरेला बांधला आणि चालत गेले धक्क्यावर. माझ्या व्हॅनमध्ये तो पट्टा आलाच नाही. शुक्रवारी तर क्लबातही नव्हता. तुमच्याकडेच होता ना?"

वहिनी घराकडे वळली.

तुमच्याकडेच होता ना.

५

शुक्रवारची संध्याकाळ तिने परत मनात उलगडली, शिवण उसवावी तशी, टाका टाका करत.

नवऱ्याने पट्टा पिशवीतून काढून मशीनवर ठेवला आणि तो परत क्लबात गेला. शिवताना मध्ये येऊ नये म्हणून तिने लाल मुठीला कपड्यांचा चिमटा लावून ती बाजूला धरली होती. शिवण झाली, चिमटा काढला. मूठ बाहेर लोंबत होती. हे तिला पक्कं आठवत होतं, कारण पिल्लू "लाल, लाल" करत तिच्याकडे झेपावलं होतं आणि तिने त्याला कडेवर घेतलं होतं. पट्टा तिथेच मशीनवर राहिला. तेव्हा साडेसात वाजले असतील. शनिवारी पहाटे सहाला नवरा तो घेऊन गेला, आणि सातला मास्तरांना मूठ आत सापडली.

सहा ते सात या वेळात सामानघरात काम असणारी माणसं दोनच, आणि त्या दोघांनाही पट्टा भलत्या वेळी फुटायची धास्ती नव्हती. खुंटीवर टांगलेला पट्टा फुटला तरी त्यांचं काय बिघडणार होतं? पट्ट्याच्या आवाजाची भीती एकाच घरात होती. सहा महिन्यांपूर्वी असाच एक पट्टा दुरुस्तीला आला असताना पिल्लूने मूठ ओढली होती. फट्! त्यानंतर पोर चार तास रडलं, आणि अजून कुकरची शिट्टी झाली तरी दचकतं. त्या रात्री जेवताना नवऱ्याने ताटाशेजारी नळकांडी ठेवून सगळ्यांना दाखवलं होतं: "हे बघा, अडीच फेरे सैल केली की पिन पोचत नाही. मग खुशाल ओढू दे त्याला. फक्त ज्याने सैल केली त्याने मला सांगायचं."

टेबलाशी तीन मोठी माणसं होती.

घरात पाय ठेवताच तिने नवऱ्याला आतल्या खोलीत ओढलं. "खरं सांग. नळकांडी तू सैल केलीस?"

तो वळला. कालपासून पहिल्यांदाच त्याने तिच्या डोळ्यांत बघितलं. "मी? मला वाटलं, तू केलीस."

"मी?"

"पिल्लूसाठी. आणि सांगायला विसरलीस. म्हणून तर गप्प बसलोय ना मी! सही माझी आहे, खुंटीला टांगताना मूठ बघायची राहिली तीही माझीच चूक. तुझं नाव कशाला मध्ये आणायचं?"

"अरे देवा! म्हणजे मी दारोदार उन्हात हिंडत्येय, आणि तू इथे माझ्यासाठी हुतात्मा होतोयस!"

त्याला हसू आलं आणि लगेच विझलं. दोघांच्याही मनात एकाच वेळी तेच आलं होतं. टेबलाशी तिसरं माणूस होतं.

मोरीतला पातेल्याचा आवाज थांबला.

६

सासूबाई दारात उभ्या होत्या. हात ओलेच.

"मीच केलं," त्या म्हणाल्या. "विचारायची गरज नाही."

पिल्लू त्यांच्याकडे धावलं तशा त्या एक पाऊल मागे सरकल्या.

"तू आत होतीस. हा स्टुलावर चढून मशीनपाशी पोचला होता, मूठ हातातच होती. मी हिसकावली. मूठ आत खोचली, पण हा पिशवीचं वेल्क्रो उघडायला शिकलाय. म्हणून मग ते फेरे फिरवले. तू दाखवलं होतंस तसेच, अडीच." त्या मुलाकडे बघत होत्या. "काल बातमी आली तेव्हाच बोलायला हवं होतं. जीभ टाळ्याला चिकटली. ते मास्तर मला नेहमी म्हणायचे, आजी, तुम्हालाही शिकवतो एकदा."

"पण आई, याला सांगायचं ठरलं होतं ना?" वहिनीचा आवाज चढला. "ज्याने सैल केली त्याने सांगायचं! तुम्ही कुणालाच कसं नाही..."

"सांगितलं होतं," सासूबाई म्हणाल्या.

"कुणाला?"

"तुला."

"मला? कधी?" वहिनीने विचारलं.

"तू स्वयंपाकघरात होतीस. मिक्सर चालू होता. फोन खांद्यात धरलेला, पिल्लूच्या खोकल्याबद्दल डॉक्टरांना विचारत होतीस. मी दारातून म्हटलं, पट्ट्याची नळकांडी सैल केली आहे गं, त्याला सांग सकाळी. तू मान हलवलीस. हो आई, हो, म्हणालीस. हा उशिरा यायचा होता, मी झोपणार होते. तुला सांगितलं म्हणजे त्याला सांगितल्यासारखंच."

वहिनीला मिक्सर आठवला. खोकला आठवला. डॉक्टर म्हणाले होते, छाती वाजत नाही ना, कान लावून बघा. सासूबाईंचा आवाज मात्र कुठेच आठवेना. पोराच्या श्वासांचा हिशेब ठेवणाऱ्या बाईच्या कानावरून ते वाक्य वाऱ्यासारखं गेलं होतं.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते.

"साडी बदलून येते," सासूबाई म्हणाल्या. "मीही येणार बैठकीला."

७

क्लबाच्या खोलीत लांब टेबल, कडेला अध्यक्षबाई आणि त्यांच्यापुढे उघडी वही. धाकटा मास्तर भिंतीला टेकून उभा. डॉक्टरीणबाई शालीसकट आली होती. भोंगा दारात, चक्क गप्प.

सासूबाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. स्टूल, मूठ, अडीच फेरे. मध्ये कुठेही थांबल्या नाहीत.

"आणि हे तुम्ही घरात कुणाला बोललात?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

सासूबाईंनी क्षणभर सुनेकडे बघितलं. "कुणालाही नाही," त्या म्हणाल्या. "विसरले. म्हातारपण."

वहिनीने मान वर केली. सासूबाई आता समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

"मलाही सांगायचंय," धाकटा मास्तर मध्येच म्हणाला. "मूठ आत होती हे मी डोळ्यांनी पाहिलं. मूठ आत असेल तर पट्टा कुणीतरी उघडला होता, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी हसलो. मास्तरांना कोण सांगणार, थांबा, तुमचे आटे बघू द्या! नवशिका असता तर मी त्याला पाण्यात उतरू दिलं नसतं."

अध्यक्षबाई लिहीत होत्या तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी ऐकलं, उठून उभ्या राहिल्या आणि खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"नळी काढली. स्वतःचा श्वास घेतायत. नर्सकडे चहा मागितला म्हणे!"

खोलीत एकच गलका झाला. डॉक्टरीणबाईने तोंडावर शाल दाबली. भोंग्याला त्याचा आवाज परत मिळाला. नवरा टेबलावर कपाळ टेकून बसला आणि त्याचे खांदे हलू लागले.

गलका ओसरल्यावर अध्यक्षबाईंनी डोळे टिपले आणि वहीचं पान सारखं केलं. "चला. देवाची कृपा. पोलिसांचा प्रश्नच नाही. आजींच्या हातून नातवाच्या मायेपोटी झालं, सांगायचं राहून गेलं. सामानघरवाल्यांवर ठपका नाही. उद्यापासून पुढाऱ्याचा पट्टा दुसरा कुणीतरी तपासेल, आटे रोज बघायचे. एवढं लिहून मिटवून टाकू. सगळ्यांना मान्य?"

नवऱ्याने टेबलाखाली वहिनीचं मनगट धरलं. त्याची नोकरी राहिली होती, नाव राहिलं होतं, मास्तर चहा मागत होते. पकड म्हणत होती, बस, आता काही बोलू नकोस.

सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत लहान होऊन बसल्या होत्या. भोंगा शेजारच्याला हळू म्हणाला, म्हणजे त्याच्या मानाने हळू, "म्हातारी माणसं अशीच. यांच्या हाती काही देऊच नये." सगळ्यांना ऐकू गेलं. सासूबाईंनाही.

वहिनीने मनगट सोडवून घेतलं आणि उठली.

"आई खोटं बोलतायत," ती म्हणाली. "त्या विसरल्या नाहीत. त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. मला."

"काय करतेस हे?" सासूबाई पुटपुटल्या. "बस खाली."

अध्यक्षबाईंनी मिटत आणलेली वही परत उघडली. "तुम्हाला सांगितलं? मग तुम्ही काय म्हणालात?"

"हो म्हणाले."

पेनचं टोपण काढल्याचा आवाज तेवढा झाला.

"बसा वहिनी," अध्यक्षबाई म्हणाल्या. "बसून, पहिल्यापासून सांगा."

वहिनी बसली नाही.

"शुक्रवारी संध्याकाळी," तिने सुरुवात केली, "मी स्वयंपाकघरात होते."